राखलेलं, तोडलेलं, वेचलेलं

दक्षिण कॅलिफोर्नियात मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला गेलेल्या मराठी आईबापांना एकदा तरी काबाझोनच्या मॉलमध्ये नेतातच. भारतात न्यायच्या पर्सा, बूट, भाच्यांसाठी टी-शर्ट तिथं स्वस्त मिळतात अशी समजूत आहे. आम्हालाही नेलं. ही आणि मुलगी दुकानात शिरल्या, मी आणि जावई बाहेर बाकावर बसलो. वारा असा, की टोपी हातात धरावी लागत होती. उत्तरेला सॅन गोर्गोनिओ, दक्षिणेला सॅन हासिंतो, दोन्ही डोंगर दहा हजार फुटांच्या वरचे, आणि मधल्या खिंडीत पवनचक्क्यांचं रान. जवळच एक उंच हॉटेल आणि त्याला लागून कॅसिनो.

"ही जमीन कोणाची?" मी विचारलं.

चौतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात मोजणी केली. कुठंही गेलं तरी हा प्रश्न तोंडातून निघतोच. हिचं म्हणणं, लग्नकार्यातसुद्धा मी मांडवाच्या हद्दी बघत असतो.

"मॉलचं माहीत नाही बाबा, पण तो कॅसिनो मोरोंगो रिझर्वेशनवर आहे," जावई म्हणाला. "इथल्या मूळ लोकांचं."

रिझर्वेशन. आमच्या खात्यात आरक्षण म्हणजे विकास आराखड्यात बागेसाठी, शाळेसाठी, रस्त्यासाठी ठेवलेली जागा. ती ज्याची असते त्याला वापरता येत नाही आणि ज्याच्यासाठी ठेवली त्याला वर्षानुवर्षं मिळत नाही. इथं उलटंच होतं. आधी सगळं ज्यांचं होतं, त्यांच्यासाठीच त्यातला एक तुकडा राखून ठेवलेला. राखीव. हा शब्द डोक्यात अडकला तो पुढचे चार महिने सुटला नाही.

खरेदी आटपायला अजून दोन तास होते. जावयानं फोनवर बघितलं आणि मला पाच-दहा मिनिटांवरच्या एका छोट्या संग्रहालयात नेलं. मालकी म्युझियम. नाव ऐकून मी हसलो. त्याला कळेना, का हसतोय. ‘मालकी’ हा त्यांच्या प्रदेशातला जुना शब्द, आपल्या मालकीशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण सातबाऱ्याच्या मालकी हक्काच्या रकान्यात डोळे घालवलेल्या माणसाला दारावर ‘मालकी’ असं लिहिलेलं दिसावं, हा योग मला सोडवेना.

हे संग्रहालय १९६५ साली उघडलं. रिझर्वेशनवर, तिथल्याच लोकांनी काढलेलं अमेरिकेतलं हे पहिलं ना-नफा संग्रहालय मानतात. ते उभं करणाऱ्यांत दोन बायका पुढे होत्या, जेन पेन आणि कॅथरीन सिव्हा सोबेल. मी तिथून सोबेलबाईंचं वनस्पतींवरचं पुस्तक घेतलं, ‘तेमलपाख’. अर्थ, मातीतून आलेलं. मानववंशशास्त्रज्ञ लोवेल बीन यांच्याबरोबर १९७२ साली त्यांनी ते लिहिलं. ओक, मेस्किट, घायपात, ताड अशा दोनशेच्या वर वनस्पती त्यांचे लोक कशा वापरत, याची ती नोंदवही आहे. मला पुस्तकाची भाषा नीट कळली नसती, पण नोंदवही कळते.

हे लोक म्हणजे काविया. इंग्रजी लिखाणात स्पॅनिश वळणाचं स्पेलिंग आहे, त्यामुळे मी पहिले आठ दिवस ‘काहुइला’ म्हणत होतो. स्पॅनिशमध्ये दोन ‘एल’चा उच्चार ‘य’सारखा होतो, हे नातवानं मला शिकवलं. तिसरीतल्या मुलानं शिकवलेलं विसरत नाही. मेक्सिकोच्या आस्तेक लोकांची नाहुआत्ल आणि ॲरिझोनाची होपी ज्या मोठ्या कुळातल्या, त्यातलीच ही भाषा. वाळवंटातले, डोंगरातले आणि खिंडीतले असे या लोकांचे तीन भाग, आणि त्या सगळ्यांची पुन्हा दोन कुळं: रानमांजर आणि कोल्हा. म्हणजे त्यांचा तो वाळवंटी कोल्हा, कायोटी. रानमांजराच्या घरची मुलगी कोल्ह्याच्याच घरी द्यायची, आपल्या कुळात नाही. हे वाचून दाखवलं तेव्हा हिनं पहिल्यांदा मान वर केली. "म्हणजे गोत्र बघायचे," म्हणाली, आणि पुन्हा विणायला लागली.

भाषेबद्दल सांगायचं तर थोडक्यात असं: लहानपणापासून घरात हीच भाषा बोलत वाढलेली माणसं आता हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी उरली आहेत. शिकणारे आहेत, शिकवणारे आहेत, मुलांसाठी वर्ग आहेत. पण सकाळी उठून चुलीशी भांडताना जी तोंडात येते ती भाषा वेगळी, आणि वर्गातली वेगळी.

ती गेली कशी हे रिव्हरसाइडमध्येच दिसतं. मुलीच्या घराजवळून मॅग्नोलिया नावाचा लांबलचक रस्ता जातो. त्यावर शर्मन इन्स्टिट्यूट ही मूळ लोकांच्या मुलांसाठीची सरकारी निवासी शाळा. आधी ती पेरिस नावाच्या गावात होती, १९०३ च्या सुमारास इथं आली. अशा शाळांचं धोरण लपवलेलं नव्हतं. मूल घरापासून तोडायचं, केस कापायचे, नाव बदलायचं, आईची भाषा बोललं तर शिक्षा करायची. आज तिथं निवासी हायस्कूल चालतं, मुलं आपल्या मर्जीनं येतात, छोटं संग्रहालयही आहे. मी रोज संध्याकाळी त्या कुंपणावरून फिरायला जायचो. पहिल्या महिन्यात काहीच माहीत नव्हतं. झाडं चांगली आहेत एवढंच वाटायचं.

सोबेलबाई १९२० साली लॉस कोयोटेस रिझर्वेशनवर जन्मल्या आणि पाम स्प्रिंग्जमध्ये वाढल्या. शाळकरी वयातच आईकडून ऐकलेली झाडापाल्याची नावं त्या वहीत उतरवून ठेवत. घरातली वही. पुढं त्याच वहीच्या जोरावर ही बाई विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञांसमोर बसली. माहिती देणारी म्हणून बसली आणि शिकवणारी म्हणून उठली, असं मला वाटतं. शब्दांची पुस्तकं, धडे, शेवटी २००४ मध्ये दोन खंडांत दोन भाषांतलं आपलं सगळं सांगणं. २०११ साली वयाच्या ९१ व्या वर्षी त्या गेल्या.

त्यांच्याकडे शिकायला आलेल्यांत विल्यम ब्राइट हे एक. हे नाव मी दोनदा वाचलं आणि मग जावयाला उठवलं. कारण हाच माणूस त्याआधी, १९५५ ते ५७ च्या दरम्यान, पुण्याला डेक्कन कॉलेजात होता. बोलीभाषेतल्या कानडीवरचं त्याचं पुस्तक १९५८ साली डेक्कन कॉलेजनंच छापलं. येरवड्याच्या त्या दगडी इमारतीवरून मी नोकरीतली तीन वर्षं सायकलनं गेलोय. आत काय चालतं हे कधी विचारलं नाही. आत बसून, बोललेला शब्द कानानं कसा पकडायचा याचं काम एक माणूस करत होता, आणि तेच काम पुढं त्यानं या वाळवंटाच्या भाषेसाठी केलं. स्पॅनिशमधून तिथल्या भाषांत कोणते शब्द शिरले, यावरही त्यानं लिहिलंय.

पण मला खरा धक्का दिला तो दुसऱ्याच एका परदेशी माणसानं. हान्सयाकोब झायलर, मूळचे स्वित्झर्लंडचे, जर्मनीत कोलोनला प्राध्यापक. १९५० च्या दशकापासून ते इथं येत राहिले. १९७० साली काविया कथांचा संग्रह, १९७७ ला व्याकरण, १९७९ ला शब्दकोश. जावई विद्यापीठात नोकरीला, त्याच्या कार्डावर ही पुस्तकं घरी आली. व्याकरण माझ्या आवाक्याबाहेरचं होतं हे कबूल करतो. जावई वाचायचा, अर्थ सांगायचा, मी वहीत उतरवायचो. एका रात्री आम्ही ‘माझं’ या प्रकरणाला आलो.

काविया भाषेत ‘माझा’ म्हणायला शब्दाच्या आधी ‘ने’ लावतात. माझी आई, माझा बाप, माझा हात, इथं तो सरळ लागतो. पण ‘माझा कुत्रा’ म्हणायचं तर कुत्र्याला तो लागत नाही. मध्ये एक शब्द घालावा लागतो, ‘अश’, म्हणजे पाळलेला जीव. ‘माझा पाळलेला, कुत्रा’. झाडाफळांचं तर आणखी पुढचं. माझं फळ, माझा दाणा, असं नुसतं म्हणून भागत नाही. ते माझं कसं झालं ते सांगावं लागतं. झाडावरून तोडलं असेल तर ‘अय’. खाली पडलेलं वेचलं असेल तर ‘चि’. ओळीत लावलं असेल तर ‘वेस’. आणि चौथा एक शब्द आहे, ‘किइव’. त्याचा मूळ अर्थ वाट पाहणं. जे रानात उभं आहे, अजून पिकायचंय, ज्याच्यासाठी थांबायचं आहे, ते.

(उच्चारात आवाज मध्येच घशात अडवायचा असतो, उचकी येता येता थांबावी तसा. मी आणि नातू दोघं करून बघत होतो. ही स्वयंपाकघरातून ओरडली, पाणी प्या म्हणून.)

मी वही मिटली नाही, पण त्या रात्री पुढं काही लिहिलंही नाही.

आपल्याकडेही ‘असणं’ एकसारखं नसतं. ‘मला दोन भाऊ आहेत’ म्हणतो, ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ म्हटलं तर ते मुक्कामाला आलेत असा अर्थ होतो. पैसे मात्र माझ्याकडे असतात, मला नसतात. मराठीत हे भान आहे. पण दोन आंबे पुढ्यात ठेवले, एक तोडलेला, एक पडलेला, तर मराठी दोन्हींना ‘माझा आंबा’ म्हणून मोकळी होते. आणि आमचं दप्तर तर त्याहून मोकळं. आमच्याकडे सातबारा असतो, तो मुळात दोन कागदांचा एक कागद. गाव नमुना सात, त्यात जमीन कोणाच्या नावावर. गाव नमुना बारा, त्यात त्या जमिनीत पिकतं काय. सात वर, बारा खाली. सातवर नाव एकाचं आणि बारातलं पीक दुसऱ्याच्या हातचं, या एका फटीत आमच्या खात्याचं निम्मं आयुष्य जातं. कावियांनी सात आणि बारा एकाच शब्दात घातले होते. ‘माझं’ म्हणायला तोंड उघडलं की तू काय केलंस ते आधी सांग. तोडलंस? वेचलंस? लावलंस? की नुसता वाट बघत थांबलास?

पाटण तालुक्यात एका डोंगराच्या पोटाला आम्ही हद्द कायम करायला गेलो होतो, त्याची आठवण आली. ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. फळी लावली, टिपण काढलं, दगड सापडले. बांधावरचा एक रायवळ आंबा तीन फुटांनी पलीकडच्या हिश्शात गेला. अलीकडच्या घरातली म्हातारी आंब्याला टेकून बसली ती उठेना. तिच्या पोरानं समजावलं, तलाठ्यानं समजावलं. मी कागद दाखवला. ती कागदाकडं बघितलीच नाही. म्हणाली, "जिमीन आसंल त्येची. आंबा म्या राखलाय."

इतर हक्कात झाडाची नोंद होऊ शकते, ही तरतूद मला माहीत होती. तिच्याकडे पुरावा नव्हता, आणि राखणं हा काही पुरावा नाही. पंचनाम्यात मी लिहिलं, ‘सदर वृक्ष हद्दीपलीकडे आढळून आला.’ आढळून आला! पन्नास वर्षं तिथंच उभा होता तो. त्या वाक्यावर माझी सही आहे.

काविया लोकांतही ओकची राई, मेस्किटचा झाडोरा या त्या घराण्याचा म्हणून ठरलेला असे. दाणा पिकायची वेळ झाली की त्या त्या घरची माणसं तिथं मुक्कामाला जात. ओकच्या फळांत कडूपणा असतो, ती कुटून पाण्यात धुऊन धुऊन कडू काढायचं आणि मग खीर शिजवायची, तिला विविश म्हणतात. कॅन्यनमधल्या ताडांच्या वाळक्या झावळ्या ते मुद्दाम जाळत, म्हणजे कीड मरते आणि फळ जास्त धरतं. बाहेरून आलेल्याला हे रान वाटलं. कुणी राहत नाही, कुणी कसत नाही. कसणं म्हणजे नांगर, हा आमच्याही इंग्रजी काळातल्या साहेबांचा समज होता.

जूनमध्ये आम्ही पाम स्प्रिंग्जला गेलो. एकशे दहा फॅरनहाइट. शहाण्या माणसानं जाऊ नये. पण मला नकाशा बघायचा होता. तो आधी जावयानं संगणकावर दाखवला होता आणि मी अर्धा तास उठलो नव्हतो. शहराचा नकाशा म्हणजे बुद्धिबळाचा पट. एक घर शहराचं, एक अग्वा कालियेंते काविया लोकांचं, पुन्हा एक शहराचं. रंगवलेला. जमिनीवर मात्र काही दिसत नाही, एकाच रस्त्यानं चालताना तुम्ही पटाच्या घराघरांतून जात असता.

हे कसं झालं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती, साखळी दिसली की कळतं. अमेरिकेची जमीन मोजली ती ६६ फुटांच्या गंटर साखळीनं. अशा ८० साखळ्या म्हणजे एक मैल. मैलाचा चौरस म्हणजे एक सेक्शन, ६४० एकर. असे ३६ सेक्शन म्हणजे एक टाउनशिप. आमची मुंबई इलाख्याची साखळी त्याच्या बरोबर निम्मी, ३३ फुटांची, सोळा आण्यांची. तिचा चौरस म्हणजे आपला गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर त्यांचाही आणि आपलाही. साताऱ्यातला गुंठा आणि पाम स्प्रिंग्जचा सेक्शन एकाच साखळीच्या पोटचे. फरक एवढाच, की आपल्याकडे साहेबानं साखळी टाकली ती आधीपासून असलेल्या बांधांवर. वाकडा बांध वाकडाच मोजला. इथं डोंगर, दरी, झरा, स्मशान काही न बघता सरळ रेघा मारल्या, आणि रेल्वे आणायची म्हणून विषम आकड्यांचे सेक्शन सदर्न पॅसिफिक कंपनीला देऊन टाकले. १८७६ साली राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या हुकमानं या लोकांसाठी राखीव जमीन ठरली, पुढच्या वर्षी ती वाढवली. त्यांच्या वाट्याला आले सम आकडे. ३१ हजार एकरांच्या वर, पण भोकाभोकांचे.

त्याआधीचीही एक गोष्ट आहे. ५ जानेवारी १८५२ ला तेमेक्युला इथं या भागातल्या लोकांशी तह झाला, म्होरक्यांनी अंगठे-खुणा केल्या. कॅलिफोर्नियात असे एकूण अठरा तह झाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या सिनेटनं ते सगळे नाकारले आणि कागद मोहोरबंद करून ठेवले, ते १९०५ पर्यंत कोणी उघडले नाहीत. त्रेपन्न वर्षं. दप्तर बांधून ठेवणं काय असतं हे मला माहीत आहे. पण आमच्याकडे निदान फडक्याची गाठ कुणी सोडली तर आत कागद आहे एवढं लोकांना ठाऊक असतं. इथं ज्यांनी खुणा केल्या ते आपला तह झालाय या भरवशावर मरून गेले. १८६३ च्या देवीच्या साथीनं बरेचसे गेले. डोंगरातल्या कावियांचा मोठा पुढारी हुआन अंतोनिओही त्यातच गेला.

सेक्शन १४ म्हणजे शहराच्या मध्यावरचा एक चौरस मैल, त्यात गरम पाण्याचा झरा. काविया त्याला सेखे म्हणतात, उकळतं पाणी. स्पॅनिश लोकांनी अग्वा कालियेंते म्हटलं, गरम पाणी, आणि तेच नाव टोळीलाही चिकटलं. ही जमीन फार वर्षं लांब मुदतीनं भाड्यानं द्यायला कायद्यानं बंदी होती, त्यामुळे तिथं गरिबांची घरं होती, बहुतेक काळे आणि मेक्सिकन कामगार. हॉटेलांतली कामं करणारी माणसं. १९५९ साली ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याला परवानगी मिळाली आणि त्या जमिनीला सोन्याचा भाव आला. पन्नास-साठच्या दशकांत शहरानं ती घरं पाडली, जाळली. राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या खात्यानं १९६८ मध्ये अहवाल दिला, त्यातले शब्द फार कडक आहेत. शहरानं माफी मागितली ती २०२१ मध्ये.

आणि जमिनीचे जे मालक होते, काविया, त्यांना कोर्टानं पालक नेमून दिले. मोठ्या, शहाण्यासुरत्या माणसांना. सातबाऱ्यावर आपल्याकडे अल्पवयीन वारसाच्या नावापुढं ‘अ.पा.क.’ लिहितात, अज्ञान पालनकर्ता. तसं चाळीस-पन्नास वर्षांच्या बायकापुरुषांना अज्ञान ठरवलं, आणि वकील, जमिनीचे दलाल, न्यायाधीशसुद्धा त्यांच्या भाड्यातून आपली फी काढत राहिले. रिव्हरसाइडच्या ‘प्रेस-एंटरप्राइज’नं ते उघडं केलं, त्याला १९६८ चं पुलित्झर मिळालं. मला यात राग येण्यापेक्षा ओळख जास्त पटली. असे पालनकर्ते मी पाहिलेत. फक्त आपल्याकडे ते चुलते असतात.

एक गोष्ट मात्र मी हसत वाचली. या अज्ञान ठरवलेल्यांच्या पंचायतीवर १९५४ साली सगळ्या बायका निवडून आल्या होत्या. व्हायोला ओलिंगर त्यांच्या अध्यक्ष. त्यांनीच वॉशिंग्टनला खेटे घातले आणि ९९ वर्षांचा कायदा करून घेतला.

मे महिन्याच्या अखेरीला मालकीच्या अंगणात जत्रा भरते, फिएस्टा म्हणतात. तिथं पक्ष्यांची गाणी ऐकली. पुरुष ओळीनं उभे राहतात, हातात भोपळ्याचे खुळखुळे, बायका समोर नाचतात, पाय जमिनीवरून फारसा उचलत नाहीत. चाल साधी, पण कुठं अचानक थांबते आणि खुळखुळा एकदम उलटा फिरतो. ती थांबायची जागा सगळ्यांना एकाच वेळी कशी कळते हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. गाण्यांत त्यांच्या पूर्वजांचा प्रवास आहे. मुकात या निर्मात्या देवाच्या मरणानंतर लोक जगभर पक्ष्यांसारखे फिरले आणि शेवटी याच डोंगरांशी परत आले, त्याचा. शब्द जुने आहेत, चांगली भाषा येणाऱ्यांनाही सगळे लागत नाहीत. सोबेलबाईंचे भाऊ अल्विनो सिव्हा यांनी ही गाणी तरुण पोरांना दिली, ते २००९ मध्ये गेले. आज गाणारी पोरं पुष्कळ आहेत. बोलणारे थोडे, गाणारे पुष्कळ. आपल्याकडे संस्कृतचं असंच काहीसं झालं असं म्हणणार होतो, पण ते खरं नाही. ही पोरं अर्थ विचारत होती. गाणं संपल्यावर एक जण दुसऱ्याला एका शब्दाबद्दल विचारत होता, हातवारे करत, आणि दोघंही पाण्याच्या बाटल्या उघडायच्या विसरले होते.

मुकातची गोष्ट वाचताना मी एका ठिकाणी थांबलो. त्याला जाळल्यावर त्याच्या देहातून माणसांचं अन्न उगवलं. काळजातून तंबाखू, पोटातून भोपळा, दातांतून मका, डोळ्यांच्या बाहुल्यांतून कलिंगड, डोक्यातल्या लिखांतून गहू. आता कलिंगड आणि गहू या मुलखात स्पॅनिश लोकांबरोबर आले. म्हणजे देव मेला तेव्हा ते नव्हते. कुणा अभ्यासकाला हा गोंधळ वाटेल. मला तो फेरफार वाटला. नवीन पीक आलं, कुणीतरी मूळ कागदावर खाडाखोड न करता खाली रीतसर नोंद घातली आणि गोष्ट पुढं चालू राहिली.

आणि नोंद पक्की असते, हेही सिद्ध झालंय. १८५३ साली विल्यम ब्लेक नावाचा भूगर्भतज्ज्ञ रेल्वेच्या पाहणीसाठी या वाळवंटात आला. कावियांनी त्याला सांगितलं, इथं मोठं पाणी होतं, मासे होते, बदकं होती. आमचे लोक डोंगरात राहत आणि माशांसाठी खाली येत. मग ते पाणी ‘पोको अ पोको’, हळूहळू करत, आटलं. नंतर एकदा अचानक परत आलं आणि गावं बुडाली. ब्लेकनं डोंगराच्या खडकांवर पाण्याची जुनी रेघ पाहिली आणि म्हाताऱ्यांचं खरं मानलं. कोलोरॅडो नदी पात्र बदलून या खोलगट भागात शिरायची, तळं भरायचं, नदी परतली की आटायचं, हे आता सगळे मानतात. उतारावर दगडांचे मासे धरायचे सापळे अजून आहेत, एकाखाली एक, रांगेनं. पाणी जसं खाली गेलं तसे सापळे खाली सरकले. मोजणीदाराला यापेक्षा चांगलं टिपण मिळणार नाही. दर रांगेला एक पावसाळा धरावा, किंवा एक वर्ष. ‘पोको अ पोको’ हे त्यांनी ब्लेकला स्पॅनिशमध्ये सांगितलं. त्यांच्या भाषेत ते काय म्हणाले असते, हे शब्दकोशात शोधायला मी जावयाला सांगितलं होतं. राहून गेलं.

सप्टेंबरमध्ये परतायच्या आधी पुन्हा एकदा पाम स्प्रिंग्जला गेलो, या वेळी झऱ्याशेजारचं त्यांचं नवीन संग्रहालय बघायला. ते २०२३ ला उघडलंय, मोठं आणि देखणं. तरी मला मालकीच जास्त आवडलं. बाहेर रस्त्याच्या कडेला एक मेस्किट होतं, आपल्या बाभळीच्या भावकीतलं, काटेरी, खाली वाळक्या शेंगांचा सडा. एक उचलून चावली. गोड. चिंचेच्या गाभुळ्यासारखी नव्हे, जरा पिठूळ, गुळाच्या ढेपेला लागलेल्या पोत्यासारखा वास. चार-पाच खिशात टाकल्या.

"बाबा, बिया न्यायला देत नाहीत विमानातून," मुलगी म्हणाली.

"कुणाचं झाड गं हे?" मी विचारलं. "सेक्शन १४ मध्येच आहोत ना आपण अजून?"

तिनं फोनवर नकाशा काढला, निळा ठिपका फिरत होता, स्थिर होईना. हद्दीवर असलो की असंच होतं. ही म्हणाली, उन्हात किती वेळ उभे राहणार आहात. मी त्या शेंगा तिथंच झाडाखाली बसून एकेक करत चघळल्या आणि टणक बिया बोटानं माती उकरून खाली घातल्या. ‘चि’, मी मनात म्हणालो, वेचलेलं, एवढं तरी बिनचूक. नातू शेजारी उकिडवा बसला होता. त्याला मी घशात आवाज अडवून तो शब्द पुन्हा म्हणून दाखवला. तो म्हणाला, आजोबा, त्यात आवाज अडवायचा नसतो, तो दुसऱ्यात अडवायचा.